प्रतिष्ठा : एका शब्दाचा ठाव



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फलकावर एकाच शब्दात लिहिला आहे. मी आत येत होतो तेव्हा त्या फलकापाशी दोन गृहस्थ उभे होते. एक म्हणाले, "हे ऐकलेच पाहिजे. प्रतिष्ठा कशी मिळवावी ते तरी कळेल." दुसरे म्हणाले, "मिळालेली कशी टिकवावी ते कळले तरी पुष्कळ झाले." त्या दोघांची मी आरंभीच क्षमा मागून ठेवतो. ते सभागृहात असतील तर त्यांची निराशा होणार आहे. मी बोलणार आहे तो शब्द तोच, पण त्याचा जुना अर्थ निराळा आहे. आपण मूर्तीची प्रतिष्ठा करतो, कळसाची करतो, घरच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतो. दगडाला, धातूला, मातीला देवपण आणण्याच्या क्रियेचे हे नाव. तेच नाव पुढे लग्नपत्रिकेतल्या आणि निवडणुकीतल्या प्रतिष्ठेला कसे मिळाले, हा प्रश्न मौजेचा आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, देवपण आणणे म्हणजे आपल्या पूर्वजांना नेमके काय करणे वाटत होते? आणि ते करण्याचा अधिकार कोणाचा? हा दुसरा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, त्यावरून एका माणसाने आपला प्राण पणाला लावला होता. तिथवर मला आज जायचे आहे. पण वाट शब्दाच्या गावावरून जाते.

निरनिराळ्या भाषांनी या एकाच गोष्टीकडे कसे पाहिले ते आधी बघू. लॅटिन भाषेत 'साकेर' असा एक शब्द आहे. इंग्रजीतला 'सेक्रेड' आणि चर्चच्या किंवा बिशपच्या अभिषेकासाठी वापरतात तो 'कॉन्सिक्रेट' हे दोन्ही त्याच्याच घराण्यातले. साकेर म्हणजे देवाच्या मालकीचे म्हणून वेगळे काढलेले. वेगळे काढलेले म्हणजे पूज्य. पण वेगळे काढलेले म्हणजे वाळीत टाकलेलेही! रोमन कायद्यात ज्या गुन्हेगाराला 'साकेर' ठरवले, त्याला कोणीही मारावे, मारणाऱ्याला खुनाचा दोष नसे. अरबीतही अगदी असेच घडले आहे. मक्केच्या पवित्र परिसराला 'हरम' म्हणतात, आणि निषिद्ध ते 'हराम'. धातू एकच. म्हणजे मराठी माणूस रागाच्या भरात जी शिवी हासडतो तिचे मूळ आणि कोट्यवधी लोकांच्या श्रद्धास्थानाचे नाव ही सख्खी भावंडे आहेत. इंग्रजीतला 'होली' हा शब्द मात्र स्वभावाने सौम्य आहे. अखंड, धडधाकट असा अर्थ असलेल्या 'होल' शब्दाशी त्याचे नाते आहे.

आपल्याकडे 'पवित्र' हा शब्द आहे. तो 'पू' धातूपासून, म्हणजे गाळणे, स्वच्छ करणे यापासून आला. वैदिक काळी पवित्र ही एक वस्तू होती, गुण नव्हे. सोमरस गाळण्याची मेंढीच्या लोकरीची गाळणी, तिला पवित्र म्हणत. मग दर्भाचे वेढे पवित्र झाले, मग बोटात घालायचे दर्भाचे वळे पवित्र झाले, आणि श्रावणी पौर्णिमेला देवाला वाहतात ते सुताचे पोवते, तोही याच शब्दाचा झिजलेला अवतार. स्वयंपाकघरातल्या गाळणीकडे आता आपण जरा आदराने पाहाल अशी आशा आहे.

वेगळे काढणे आणि गाळून घेणे. या दोन्ही कल्पनांत एक गोष्ट सारखी आहे. कशाला तरी बाहेर ठेवल्यावाचून त्या पुऱ्या होत नाहीत. गाळणी आली की गाळ आला, कुंपण आले की कुंपणाबाहेरचे आले. सोवळे म्हटले की ओवळे त्याच्या मागोमाग येतेच.

आता आपला शब्द घ्या. 'प्रति' हा उपसर्ग आणि 'स्था' हा धातू. स्था म्हणजे उभे राहणे. प्रतिष्ठा म्हणजे एखाद्या आधारावर पाय रोवून नीट उभे राहणे, आणि तो आधारही. यात धुणे नाही, गाळणे नाही, कुंपण नाही. यज्ञाच्या काळात मूर्ती नव्हत्या, तरी हा शब्द होता. जुन्या ब्राह्मणग्रंथांत माणसाला दोन प्रतिष्ठा असलेला प्राणी म्हटले आहे. दोन प्रतिष्ठा म्हणजे दोन पाय! तैत्तिरीय उपनिषदात आत्म्याच्या कोशांचे वर्णन पक्ष्याच्या रूपाने केले आहे; त्यात डोके, दोन पंख, धड असे सांगून शेवटी शेपटीला प्रतिष्ठा म्हटले आहे, कारण पक्षी तिच्यावर तोल सांभाळतो. योगसूत्रांत अहिंसेची प्रतिष्ठा सांगितली आहे. तिचा अर्थ अहिंसेला समाजात मान मिळाला असा नाही. माणसाच्या ठिकाणी अहिंसा पक्की ठरली, डळमळेनाशी झाली, असा आहे.

या 'स्था' धातूचा मराठीतला संसार इतका मोठा आहे की, तो काढून घेतला तर आपल्याला तोंड उघडता येणार नाही. स्थान, स्थिती, संस्था, अवस्था, व्यवस्था, आस्था, निष्ठा, अनुष्ठान ही झाली सरळ संस्कृत मंडळी. पण ठाणे, ठाव, ठाम, ठेवणे, उठणे हीसुद्धा त्याच घरची, फक्त गावात राहून रापलेली. गोष्ठ म्हणजे गाई जिथे उभ्या राहतात ती जागा. तिथे माणसे जमून बोलू लागली ती गोष्ठी, आणि त्या बोलण्याची झाली आपली 'गोष्ट'. नातेवाईक परदेशातही आहेत. इंग्रजीतले 'स्टँड', 'स्टेशन', 'स्टेट' हे सारे याच जुन्या मुळाचे. तेव्हा आपण ज्याला एसटी स्टँड म्हणतो, त्यातला 'एस' म्हणजे 'स्टेट' आणि पुढचा 'स्टँड' हे एकाच धातूचे दोन भाऊ आहेत. तिथे आपल्याला फार वेळ उभे राहावे लागते, ते व्याकरणाला धरूनच आहे.

गावाचेही एक नाव सांगतो. पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी. प्राकृतात 'प्र' आणि 'ष्ठ' या अक्षरांचे कोपरे झिजले, आणि प्रतिष्ठानचे पैठण झाले. ग्रीक लेखकांनी दोन हजार वर्षांमागे ते नाव लिहून ठेवले, तेव्हाच ते पैठणच्या जवळ येऊन ठेपले होते. अलीकडे जो तो आपल्या संस्थेला प्रतिष्ठान म्हणतो आणि इंग्रजीत त्यालाच 'फाउंडेशन' म्हणतो. दोन्ही भाषांतले चित्र एकच, पाया. पाया खरोखर घातलेला असतो की नाही, ते ज्याच्या त्याच्या हिशेबाच्या वह्या सांगतील.

मूर्तीच्या बाबतीत हा शब्द वापरू लागले तेव्हा त्या शब्दाने आपला मूळ स्वभाव सोडला नाही. देवळातली मूर्ती बसवण्याचा विधी ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. मूर्ती काही काळ पाण्यात ठेवतात, धान्यात ठेवतात, शय्येवर निजवतात. मग तिला उठवून गाभाऱ्यात आणतात, पीठावर नेमक्या जागी उभी करतात आणि खाली लेप भरून ती हलणार नाही अशी पक्की करतात. डोळे उघडण्याचा विधी होतो, प्राणाचे मंत्र म्हटले जातात. शास्त्रकारांनी प्रतिष्ठेचे दोन प्रकार केले, चल आणि अचल. देव्हाऱ्यातले देव चल, देवळातला देव अचल. भेद पावित्र्याच्या कमीअधिकपणाचा नाही, हलण्या न हलण्याचा आहे.

आमच्या घरी गणपतीची उत्तरपूजा झाली की आजी मूर्तीच्या पाटाला हात घालून मूर्ती जागेवरून किंचित सरकवीत असे. आपल्याकडेही असेच करीत असतील. लहानपणी मी तिला विचारले होते, "आजी, एवढेसे सरकवून काय होते?" ती म्हणाली, "झाले. आता तो निघाला." दोन बोटे सरकवले की देवाची झाली माती, मग ती उचलावी, पाण्यात सोडावी. मला पुढे कोशात 'स्था' धातूचे विवरण वाचताना आजीची ती दोन बोटे आठवली. प्रतिष्ठा म्हणजे जागेवर ठरणे, तर विसर्जन म्हणजे जागेवरून हलणे. तिला संस्कृत येत नव्हते. शब्दाचा अर्थ हाताला ठाऊक होता.

आता अधिकाराचा प्रश्न. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. तिच्यात मूर्तीच्या प्रतिष्ठापनेवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात त्याने स्पष्ट सांगितले आहे की, विष्णूची स्थापना भागवतांनी करावी, सूर्याची मगांनी, शंकराची भस्म लावणाऱ्या द्विजांनी, बुद्धाची शाक्यांनी, जिनाची दिगंबरांनी. म्हणजे ज्यांनी ज्या देवाचा आश्रय केला असेल त्यांनी आपापल्या विधीने त्याची प्रतिष्ठा करावी. ज्योतिषी मनुष्य, राजाश्रयाला राहिलेला, कोणी बंडखोर नव्हे. तो जे प्रत्यक्ष चाललेले पाहत होता ते त्याने नोंदले. देव कोणाचा हे आधी, विधी कोणी करावा हे त्यावरून. पुढच्या काळात ही वाट पुष्कळ अरुंद झाली.

इथे मला आपल्या गावाकडे वळले पाहिजे. सोन्नलगीच्या सिद्धरामांची कथा सोलापूरकरांना मी सांगावी हे धारिष्ट्य आहे. पण आजच्या शब्दाच्या दृष्टीने ती पुन्हा एकदा पाहा. बाराव्या शतकातला हा शिवयोगी. त्याने तळे खणवले, देऊळ उभारले, आणि गावात व गावाभोवती अडुसष्ट लिंगांची प्रतिष्ठा केली. अडुसष्ट तीर्थांना जाण्याचे बळ ज्याच्या पायांत नाही, त्याला ती गावातच भेटावीत. उभे करणे हेच या महापुरुषाचे काम. मग एके दिवशी अल्लमप्रभू तिथे आले. 'शून्यसंपादने' या कानडी ग्रंथात ही भेट फार रंगवून सांगितली आहे. तळ्याचे काम चालू होते, मजूर माती वाहत होते. अल्लमांनी सिद्धरामांना 'वड्डराम' अशी हाक मारली. माती खणणारा, दगड फोडणारा राम! शिष्य संतापले, दगड घेऊन धावले. पण अल्लमांच्या बोलण्यात नुसता उपहास नव्हता. दगड उभे करून देव सापडतो का, हा त्यातला प्रश्न होता.

त्याच सुमारास बसवेश्वरांनी आपल्या वचनांत दोन शब्द समोरासमोर उभे केले, स्थावर आणि जंगम. बसवेश्वरही आपल्याला परके नाहीत. मंगळवेढ्यास बिज्जलाच्या पदरी त्यांची उमेदीची वर्षे गेली. स्थावर म्हणजे उभे केलेले, जंगम म्हणजे चालणारे. उभे केलेले आज ना उद्या पडते, चालणारे पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि स्थावर शब्दाचा धातू कोणता? तोच, 'स्था'. म्हणजे प्रतिष्ठा या शब्दाच्या पायावरच हा घाव होता. सिद्धराम कल्याणला गेले, चन्नबसवेश्वरांकडून त्यांनी इष्टलिंगाची दीक्षा घेतली, आणि अडुसष्ट स्थावर लिंगांचा कर्ता तळहातावर मावणारे, अंगावर वागवायचे लिंग पुजू लागला.

मग त्या अडुसष्टांचे काय झाले? ती पडली नाहीत. काही देवळांत आहेत, काही रस्त्याकडेला, काही अशा गल्लीत की, शेजारच्यालाही ठाऊक नसावीत. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेली माणसे ते उंच, जड ध्वज कमरेशी तोलून धरतात आणि एकामागून एक लिंगांना तेल घालीत सारे गाव फिरतात. त्याला आपण यण्णीमज्जन म्हणतो. यण्णी हे कानडी तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुंभारकन्येचे लग्न योगदंडाशी लागते. हे सात ध्वज एका समाजाचे नाहीत. त्यांत मातंग समाजाच्या मानाचेही ध्वज आहेत. बसवेश्वरांचा आणि सिद्धरामांचा वाद सोलापूरने निकाली काढला नाही, तर दोघांनाही एका मिरवणुकीत घेतले असे मला वाटते. लिंगे स्थावर आहेत, माणसे जंगम आहेत. वर्षातून एकदा जंगम स्थावराला भेटायला जाते, आणि भेटीला जाणारे आहेत तोवर त्या दगडांचे पाय सुटत नाहीत. हा माझा तर्क आहे. पंडितांना तो मान्य नसेल, पण नंदीध्वज पेलणाऱ्यांपैकी एकदोघांना मी सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली. होकारार्थी की भार सावरण्यासाठी, ते सांगणे कठीण.

आता पंढरपूर. १९४७ साली १ मे रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले करावे एवढीच मागणी. तत्पूर्वी ते महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागवीत होते. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मागणी मान्य झाली आणि उपोषण सुटले. चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेला, त्याच्या अस्थी नामदेवांनी महाद्वारापाशी आणून ठेवल्या, ही चौदाव्या शतकातली हकिकत. तेव्हापासून सहाशे वर्षे चोखोबांच्या माणसांनी त्या समाधीपर्यंत यावे आणि पायरीवर डोके टेकून परत फिरावे, असा रिवाज होता. तो रिवाज १९४७ मध्ये मोडला.

याच वेळची एक गोष्ट सांगितली जाते. मंदिर खुले होण्याआधी काही सनातनी मंडळींनी विधिपूर्वक विठ्ठलाच्या मूर्तीतले तेज काढून पाण्याच्या घागरीत घेतले. म्हणजे नंतर जे आत येतील त्यांच्या हाताला, डोक्याला लागेल तो केवळ दगड. ही गोष्ट ऐकून पुष्कळ लोक हसतात. मी हसत नाही. त्या मंडळींच्या मनात लबाडी होती असेही मी म्हणणार नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीतली देवकळा कलशात काढून ठेवण्याचा विधी शास्त्रात आहे. देऊळ दुरुस्त झाले की ती परत मूर्तीत आणायची असते. त्यांनी शास्त्राचाच आधार घेतला. पण दुरुस्तीसाठी सांगितलेला विधी त्यांनी माणसांपासून देव वाचवण्यासाठी वापरला. माझा आक्षेप इथे आहे, आणि तो शब्दापासूनच निघतो. त्यांच्या मनात देवपण ही एक पातळ वस्तू झाली होती. ती ओतता येते, काढता येते, भरून ठेवता येते, विटाळते. गाळणीची आणि कुंपणाची कल्पना प्रतिष्ठेच्या घरात शिरून मालकीण होऊन बसली होती. घागरीत पाणी राहते. उभे राहणे घागरीत कसे राहील?

आणि पुढे काय झाले ते आपण सारे पाहतो. आषाढीला वारी आली, कार्तिकीला आली, दर वर्षी येत राहिली. लोकांनी त्याच मूर्तीच्या पायावर डोके ठेवले. कोणी वारकऱ्याने घागर कुठे आहे अशी चौकशी केल्याचे मी ऐकले नाही. मूर्तीवर संशय घेण्याचा हा काही पहिला प्रसंगही नव्हे. भानुदासांनी विजयनगराहून देव परत आणला अशी कथा आहे, अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी मूर्ती हलवली असे सांगतात, आणि रा. चिं. ढेरे यांनी तर मूळची विठ्ठलमूर्ती आपल्या जिल्ह्यातल्या माढ्याची, असा सिद्धान्त मांडला आणि त्यावर मोठा गहजब झाला. ढेऱ्यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याचा अभ्यास माझा नाही. पण मूर्ती हीच की ती, हा वाद विद्वानांत रंगला असताना चंद्रभागेच्या वाळवंटात एकही राहुटी कमी पडली नाही, हेही खरे.

एक शब्द मी मुद्दाम शेवटासाठी ठेवला होता. 'स्था' धातूचे संस्कृतात रूप होते तिष्ठति. 'तो उभा आहे' एवढाच त्याचा अर्थ. मराठीने ते रूप जवळजवळ जसेच्या तसे ठेवले, पण एकाच ठिकाणी वापरले. आपण म्हणतो, "मला तासभर तिष्ठत ठेवले." दुसऱ्याची वाट पाहत ताटकळणे, असा अर्थ मराठीने त्याला दिला. आणि आपल्याकडच्या सगळ्या देवांत तिष्ठत राहिलेला देव एकच आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. दारात देव आला. पुंडलिकाने मागे वळूनही न पाहता वीट फेकली आणि सांगितले, यावर उभा राहा, माझे काम आटोपले की येतो. त्या कथेत पुरोहित नाही, मुहूर्त नाही, पाण्यात ठेवणे नाही, धान्यात ठेवणे नाही. घरात कामात असलेल्या एका माणसाने पायाखाली घ्यायला वीट दिली, आणि देव तिच्यावर उभा राहिला. आज दर्शनबारीत बारा बारा तास माणसे तिष्ठत उभी असतात. ज्याच्यासाठी तिष्ठतात तोही पलीकडे तेच करीत असतो.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले आहे, आणि त्यांना मी अधिक तिष्ठत ठेवू इच्छीत नाही.